फजलुर खान आणि एका अडचणीचे अनेक उपाय

सीरतचा जलसा असो की दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, विज्ञानातील मुस्लिमांच्या योगदानाचा विषय निघाला की एक यादी ऐकू येते. अल-ख्वारिझमी, इब्न सिना, इब्न अल-हैसम, अल-जझरी. यादी खरी आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. पण ती ऐकून उठणाऱ्या मुलाच्या हाती काय लागते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. ही माणसे काम कशी करत, एका अडचणीवर किती उपाय काढत आणि त्यातला एक कसा निवडत, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज मी त्या यादीत सहसा नसलेल्या, आपल्या जवळच्या काळातील एका अभियंत्याविषयी लिहितो आहे.

फजलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ चा, ढाक्याचा. तिथेच १९५१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. १९५५ मध्ये ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनेच्या संस्थेत रुजू झाले.

तेव्हाच्या उंच इमारती साधारण एकाच पद्धतीने बांधल्या जात. खांब आणि तुळयांची चौकट, तिच्यावर दुसरी चौकट, असे वर वर चढत जायचे. १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग अशीच १०२ मजल्यांपर्यंत गेली. पण यात एक मोठा खर्च लपलेला असतो. मजले वाढले की वजन त्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. इमारतीची उंची दुप्पट केली, की तिला उलटवू पाहणारा वाऱ्याचा जोर पायथ्याशी निदान चौपट होतो. तो पेलायला चौकटीत लोखंड ओतत जावे लागते. उंचीपायी द्यावी लागणारी ही जादा किंमत खान यांना खटकली.

त्यांनी विचाराची दिशा बदलली. इमारतीच्या पोटात विखुरलेले खांब बाहेरच्या भिंतीत आणून जवळजवळ बसवले आणि भक्कम तुळयांनी बांधले, तर सगळी इमारत एका पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देईल. पोकळ बांबू वाऱ्यात का टिकतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. शिकागोतील डी विट-चेस्टनट ही ४३ मजली निवासी इमारत १९६० च्या दशकात याच तत्त्वावर उभी राहिली.

इथे थांबून त्यांनी प्रत्येक इमारतीला तीच नळी लावली असती, तरी त्यांचे नाव झाले असते. त्यांनी उलट अनेक रचना शेजारी शेजारी मांडल्या आणि मजल्यांच्या संख्येनुसार त्यांचा तक्ता केला. साधी चौकट वीस-तीस मजल्यांपर्यंत परवडते. पुढे आतल्या तिरप्या आधारांची जोड द्यावी, त्याहून वर नळी, शंभराच्या आसपास तिरक्या पट्ट्यांची नळी आणि त्याही पुढे नळ्यांची जुडी. ‘सर्वांत चांगली रचना कोणती?’ हा प्रश्न त्या तक्त्यात नाही. इतक्या उंचीला कमीत कमी साहित्यात काय उभे राहील, एवढेच तो विचारतो. त्यामुळे जुनी चौकटही टाकाऊ ठरली नाही. तिला तिची जागा मिळाली.

जॉन हॅनकॉक सेंटरची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला त्या जागेवर दोन मनोरे होणार होते, एक घरांचा आणि एक कार्यालयांचा. पण त्याने जागा कोंदली असती आणि खिडक्या एकमेकींच्या तोंडावर आल्या असत्या. म्हणून दोन्ही एकावर एक ठेवून १०० मजल्यांचा एकच मनोरा ठरला. त्याला पेलणारी तिरक्या पट्ट्यांची कल्पना आधी मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याच्या प्रबंधात तपासली गेली होती. खान आणि वास्तुकार मायरन गोल्डस्मिथ त्याचे मार्गदर्शक होते. विद्यार्थ्याच्या कागदावरची कल्पना गुरूने जगातील अतिउंच इमारतींपैकी एकीला वापरली. तिच्या दर्शनी भागावरचे मोठाले फुलीचे आकार अनेक खिडक्यांच्या आडवे येतात. ते झाकता आले नसते, कारण तेच इमारतीला धरून आहेत. त्या बदल्यात काय मिळाले? एम्पायर स्टेटला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते, हॅनकॉकला सुमारे १४५.

मग सिअर्स टॉवर. तिथे मालकाला खाली स्वतःच्या कामासाठी प्रशस्त मजले हवे होते आणि वर भाड्याने देण्याजोगे लहान. खान आणि वास्तुकार ब्रूस ग्रॅहम यांनी नऊ चौकोनी नळ्यांची जुडी बांधली. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर संपतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोन ११० मजल्यांपर्यंत जातात. मालकाची गरज आणि वाऱ्याचे गणित एकाच आकारात बसले.

आता जे उदाहरण देतो, त्याच्याखाली आपल्यापैकी अनेकांचे आईवडील थांबले आहेत. मुंबईहून हजसाठी जाणाऱ्या बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या आणि सगळे हाजी विमानाने जाऊ लागले. जेद्दाच्या हज टर्मिनलवर उतरलेल्यांना ते पांढरे तंबू आठवत असतील. त्यांच्या रचनेतही फजलुर खान होते. अडचण विचित्र होती. वर्षातले मोजके आठवडे प्रचंड गर्दी, एरवी शुकशुकाट. येताना ५०,००० हाजी १८ तासांपर्यंत थांबतील आणि परतताना ८०,००० हाजी ३६ तासांपर्यंत, असा हिशेब धरलेला. एवढे बंदिस्त दालन बांधून ते थंड ठेवायचे, तर खर्चाला अंत नव्हता. निवडलेला उपाय वाळवंटाला जुनाच ठाऊक होता: सावली आणि वारा. काचतंतूंच्या कापडाचे, टेफ्लॉनचा लेप दिलेले २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर लांब-रुंद, पोलादी खांबांना दोरांनी टांगलेले. सुमारे १०५ एकरांवर सावली झाली. बाजू मोकळ्या, माथ्याला गोल झरोका. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. शेवटी पारडे मेहमानाच्या गरजेकडे झुकले.

विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, जेद्दातच खान यांचे निधन झाले. वय ५२. त्यांची कबर शिकागोत आहे.

आज आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली अभियांत्रिकीला जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातली बरीच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार आणतात, हेही आपल्याला माहीत आहे. तयार प्रकल्पात एकच उत्तर असते. टाकून दिलेली चार उत्तरे त्यात नसतात, आणि शिकण्यासारखे तर तिथेच असते. पुढच्या सत्काराला नावांची यादी जरूर वाचावी. सोबत मंचावर आलेल्या मुलाला एवढेच विचारावे: तुझ्या प्रकल्पासाठी आणखी कोणते मार्ग होते, आणि ते तू का सोडलेस?