ना. वि. जगताप यांची गोष्ट

१६ एप्रिल २०२४ रोजी आमच्या जबल अलीत आभाळ फाटलं. ७५ वर्षांच्या नोंदींत नाही असा पाऊस! वाळवंटातल्या रस्त्यावर गाड्या बुडालेल्या बघताना मला आठवली जयंत नारळीकरांची गोष्ट. मुंबईकर सकाळी उठतात तर बाहेर बर्फ! शाळेत वाचताना गंमत वाटली होती. त्या दिवशी नाही वाटली.

नारळीकर २० मे २०२५ला गेले. तेव्हा बहुतेकांनी आधी खगोलशास्त्रज्ञ सांगितला आणि लेखक जाता जाता. मला लेखकाबद्दलच बोलायचंय.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा पस्तिशीतले, टीआयएफआरमध्ये प्राध्यापक, पद्मभूषण १९६५चं. अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान रटाळ चाललं होतं, म्हणून समोरच्या कागदावर त्यांनी कथा लिहायला घेतली. (परिसंवादाचा याहून चांगला उपयोग माझ्या ऐकिवात नाही.) ती ‘कृष्णविवर’. पण नावाकडे बघून बक्षीस मिळालं तर त्यात काय मजा? म्हणून आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना.चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! अक्षर ओळखतील म्हणून कथा मंगलाताईंकडून उतरवून घेतली. जगतापांचा पहिला नंबर आला. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराचं कौतुक केलं.

डॉक्टरेट करताना मीही टोपणनावानेच लिहायचो, पण गाइडच्या धाकाने. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही हे नारळीकरांनी केंब्रिजमध्येच पाहिलं होतं. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली आणि १९६१ साली जॉन एलियटसोबत बीबीसीसाठी सात भागांची मालिका, ‘ए फॉर अँड्रोमेडा’. अंतराळातून आलेल्या संदेशात निघते संगणक बांधायची कृती! बीबीसीने तिच्या बहुतेक टेपा पुढे पुसून टाकल्या. असो.

१९७२ साली नारळीकर मुंबईला परतले आणि त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. इतका योग जुळूनही गाडी चुकलीच. चि. वि. जोशींचा चिमणराव टीव्हीवरून घरोघरी पोचला, विज्ञानकथेला ते भाग्य लाभलं नाही. नव्वदच्या दशकात नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ मालिका आली, पण हिंदीत, आणि त्यात गोष्ट नव्हे, माहिती.

विनोद तर त्यांच्याकडे होता हो! ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवा. ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेले इतिहासाचे प्राध्यापक ट्रकची धडक बसून अशा मुंबईत पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. आझाद मैदानात एक सभा चाललेली, अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पंतांना राहवतंय होय? चढले व्यासपीठावर, आणि श्रोत्यांनी जे मिळेल ते फेकून मारलं. यावर अर्ध्या तासाचा झकास भाग झाला असता. त्यापुढे मात्र मित्र क्वांटमचं स्पष्टीकरण देत बसतो. नारळीकरांची पात्रं मधेच फळा-खडू घेतात, हे त्यांच्या चाहत्यानेही कबूल करावं.

त्यांचा पहिला संग्रह ‘यक्षांची देणगी’ १९७९चा. इथलं बंदरही त्याच वर्षी सुरू झालं. पाऊस ओसरल्यावर आईला फोन करून म्हटलं, माळ्यावरची माझी प्रत पाठव. ती म्हणाली, “अरे, टीव्हीवर बघून जीव टांगणीला लागलाय इथे, आणि तुला पुस्तक काय सुचतंय?”