सैनिक कुटुंबांतील काळजीवाहकांसाठी विसावा सेवा

विसावा सेवा म्हणजे आजारी, जखमी किंवा दिव्यांग व्यक्तीची नित्य काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला काही तास, काही दिवस अथवा काही आठवडे मोकळीक मिळावी म्हणून केलेली तात्पुरती पर्यायी काळजीची व्यवस्था होय. इंग्रजीत तिला रेस्पाइट केअर म्हणतात. सैनिक कुटुंबांच्या संदर्भात काळजीवाहक ही बहुधा दिव्यांग सैनिकाची किंवा माजी सैनिकाची पत्नी, आई अथवा मुलगी असते. जवान दूरच्या ठाण्यावर असताना घरातील वृद्ध सासू-सासरे किंवा दिव्यांग अपत्य यांना एकटीने सांभाळणारी स्त्रीही याच वर्गात मोडते. भारतात दिव्यांग सैनिकासाठी निवृत्तिवेतन, उपचार आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी आहेत. काळजीवाहकाची विश्रांती मात्र प्रामुख्याने नातेवाइकांच्या सवडीवर अवलंबून राहते.

गरज

मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे कमरेखालील किंवा मानेखालील भाग लुळा पडलेल्या व्यक्तीला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून अंथरुणात साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. मूत्रनलिकेची स्वच्छता, शौचाचे वेळापत्रक, अंग पुसणे आणि चाकाच्या खुर्चीत उचलून बसवणे ही कामे रोजची असतात. त्यामुळे काळजीवाहकाची झोप वारंवार मोडते आणि पाठ, खांदे व मनगटे दुखावतात. मेंदूला इजा झालेल्या किंवा आघातोत्तर तणाव विकार असलेल्या सैनिकाच्या घरी शारीरिक श्रम कमी असले तरी सततची सावधगिरी आणि सामाजिक एकटेपणा यांचा ताण मोठा असतो. काळजीवाहकावरील भार मोजण्यासाठी १९८० मध्ये तयार झालेली झारिट प्रश्नावली जगभर वापरली जाते.

प्रकार

विसावा सेवेचे तीन प्रमुख प्रकार आहेत.
- घरगुती सेवा: प्रशिक्षित परिचारक किंवा नातेवाईक ठरावीक वेळ घरी येऊन काळजी घेतो.
- दिवसकेंद्र: रुग्ण दिवसभर केंद्रात राहून संध्याकाळी घरी परततो.
- अल्पकालीन निवासी सेवा: रुग्णाला काही दिवस किंवा आठवडे संस्थेत ठेवले जाते.

भारतातील तरतुदी

१०० टक्के दिव्यांगत्व असलेल्या सैनिकास वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीनुसार नित्य परिचर्या भत्ता मिळू शकतो. जुलै २०१७ पासून त्याचा दर दरमहा ६,७५० रुपये झाला आणि पुढील वाढ महागाई भत्त्याशी जोडण्यात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विनामोबदला काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचाही काळजीवाहकाच्या व्याख्येत समावेश आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. या तरतुदी आर्थिक स्वरूपाच्या आहेत. पर्यायी माणूस मिळत नसेल, तर भत्त्यातून विश्रांती मिळतेच असे नाही.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ ही विसावा सेवेची योजना आहे, तर ‘सहयोगी’ योजनेत काळजीवाहकांना प्रशिक्षण दिले जाते. सैनिकांच्या विशेष मुलांसाठी आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन निरनिराळ्या लष्करी ठाण्यांवर ‘आशा’ शाळा चालवते. मूल शाळेत असण्याचे तास आईसाठी प्रत्यक्षात विसाव्याचेच ठरतात.

महाराष्ट्रातील संस्था

पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून कार्यरत आहे. खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ मध्ये स्थापन झाले. मज्जारज्जूच्या दुखापतीने दिव्यांग झालेल्या माजी सैनिकांसाठी ते निवासी पुनर्वसनाचे कार्य करते. खडकीतील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दिव्यांग सैनिकांना व्यवसाय प्रशिक्षण मिळते. पुनर्वसनामुळे व्यक्ती जितकी स्वावलंबी होते, तितका घरच्यांचा भार हलका होतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जखमी झाले होते. त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवले.

कोल्हापूर जिल्हा

कोल्हापूर जिल्ह्याला मोठी सैनिकी परंपरा असून शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तसेच २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजेच ईसीएचएसचे, पॉलिक्लिनिक येथे आहे. पॉलिक्लिनिकमध्ये बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि संलग्न रुग्णालयांकडे पाठवणी होते. तेथे मुक्कामाची सोय नसते. खडकी सुमारे २३० किलोमीटर दूर असल्याने तेथील संस्थांचा अल्पकालीन विसाव्यासाठी उपयोग करणे कठीण जाते. शाहूपुरीसारख्या शहरी वस्तीत नर्सिंग ब्यूरोमार्फत पगारी मदतनीस मिळवण्याचा पर्याय असतो. खेड्यांत मात्र शेती, जनावरे आणि रुग्ण हे सारे बहुधा एकाच स्त्रीला पाहावे लागते व माहेरची माणसे किंवा शेजारीण हाच तिचा विसावा असतो.

जबाबदारी सोपवणे

पर्यायी व्यक्तीवर विश्वास नसल्याने अनेक काळजीवाहक घर सोडण्यास तयार होत नाहीत. यासाठी औषधांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, नलिकेची निगा, आहार आणि डॉक्टरांचा क्रमांक असलेला कागद तयार ठेवणे उपयुक्त ठरते. प्रारंभी काळजीवाहक घरी असतानाच नव्या व्यक्तीने सर्व कामे करून पाहावीत. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूची दुखापत असल्यास अचानक तीव्र डोकेदुखी, घाम आणि वाढलेला रक्तदाब ही तातडीची लक्षणे मानली जातात. मूत्राशय भरणे किंवा नलिका अडणे हे त्यांचे नेहमीचे कारण असते. ही माहिती पर्यायी व्यक्तीला असणे अत्यावश्यक आहे.

स्वतःची काळजी

काळजीवाहकाने स्वतःची आरोग्य तपासणी न टाळणे, रात्रीची पाळी घरातील दुसऱ्या व्यक्तीशी वाटून घेणे, उचलण्याचे योग्य तंत्र शिकणे आणि आठवड्यातील काही तास स्वतःसाठी राखणे यांवर भर दिला जातो. सततची निद्रानाश, चिडचिड, रडू येणे किंवा आत्महत्येचे विचार असल्यास वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र शासनाची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती मराठीतही उपलब्ध आहे. सशस्त्र दले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये तिचा विशेष कक्ष स्थापन झाला.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने माजी सैनिकांच्या काळजीवाहकांना शासकीय साहाय्याची चौकट मिळाली. तेथील माजी सैनिक विभाग पात्र रुग्णांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत विसावा सेवा देतो. रँड संस्थेच्या २०१४ च्या अहवालात त्या देशातील लष्करी काळजीवाहकांची संख्या सुमारे ५५ लाख असल्याचा अंदाज मांडला होता. अमेरिकी व्यवस्थेत विश्रांतीचे दिवस मोजून दिले जातात. भारतीय व्यवस्थेत काळजीसाठी रक्कम दिली जाते. दोन्ही व्यवस्थांतील हा मूलभूत फरक होय.