मांजरसुंब्याच्या चौकातून

मांजरसुंब्याला बहुतेक लोक चहापुरते उतरतात. धुळे-सोलापूर रस्ता आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जामखेड, पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. एस.टी. थांबते, प्रवासी उतरतो, चहा घेतो आणि पुन्हा चढतो. मीही कित्येक वर्षे असाच चढत-उतरत आलो.

निमित्त झाले ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या प्रश्नाचे. मध्ययुगीन इतिहासाचा धडा चालू होता. दिल्ली झाली, विजापूर झाले. तो उठून म्हणाला, "सर, इसमें अपना बीड कहाँ है?" मी बी.एड.ला शिकलो होतो की परिसराकडून इतिहासाकडे जावे. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पण त्या मुलाला देण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी एका सहकारी मित्राच्या मोटारसायकलवर बसून मी बीडहून निघालो. मोठा रस्ता शक्य तेथे सोडायचा, एवढेच ठरले होते.

शहरापासून काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, हिजरी ९९१ म्हणजे इ. स. १५८३च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधविली. बांधणारा कारागीर राजा भास्कर. ही दोन नावे शेजारी-शेजारी ठेवून आपण सभांमधून एकोप्याची भाषणे करतो. मला मात्र त्या भाषणांपेक्षा विहिरीचे पाणी अधिक मोलाचे वाटते. भूगर्भातून बोगद्यावाटे पाणी आत येते आणि दुसऱ्या बोगद्यावाटे शेतांकडे जाते. मोट नाही, इंजिन नाही, सारे काम जमिनीच्या उताराचे. खानाने सारा खजिना यात ओतला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. याच सलाबतखानाची कबर अहमदनगरजवळच्या डोंगरावर आहे आणि लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. विहीर त्याची आहे हे तरी लोकांच्या लक्षात आहे, हे काय थोडे!

पुढे करजणी. बीडच्या दक्षिणेला साधारण १३ किलोमीटरवर या गावाजवळच्या टेकडीवर एक लहानशी दगडी इमारत आहे. ती मुहम्मद तुघलकाच्या दाताची कबर. हसू येते, पण त्यामागची हकीकत हसण्याची नाही. १३३५च्या सुमारास मदुराईकडे सय्यद अहसनशहाने बंड केले. सुलतान फौज घेऊन निघाला. वरंगळला फौजेत साथ पसरली, माणसे पटापट मेली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि दौलताबादकडे माघारी फिरला. वाटेत बीडला त्याचा दात गेला. तो समारंभाने पुरला आणि त्यावर इमारत उभारली, असे फरिश्ता लिहितो. फरिश्त्याने हे लिहिले ते अडीचशेहून अधिक वर्षांनी, विजापुरात बसून. म्हणजे ही अगदी शब्दशः दंतकथाच! अरबीत विहिरीला 'बिअर' म्हणतात, त्यावरून तुघलकानेच या गावाला 'बीर' नाव दिले, अशीही कथा आहे. ती मी कथा म्हणूनच सांगतो.

त्या टेकडीवर उभे राहून मला एकच गोष्ट छळत होती. दाताला कबर मिळाली. वरंगळपासून वाटेत मेलेल्या शिपायांना, हमालांना, खेचरवाल्यांना काय मिळाले? आणि थकलेली ती फौज ज्या खेड्यांतून गेली, त्या खेड्यांच्या कणग्यांत मागे काय उरले असेल? आपल्या बादशहांविषयी लिहिताना आपण हे विचारत नाही. दुसरे लोक विचारतात ते दोष देण्यासाठी. आपण समजून घेण्यासाठी विचारायला काय हरकत आहे?

मांजरसुंब्याला चहा घेऊन आम्ही पूर्वेला वळलो. नेकनूर, मग केज. दोन्ही बाजूंना बालाघाटाचे उघडे माळ, मध्येच एखाद्या विहिरीच्या आधाराने हिरवा तुकडा, पुन्हा माळ. मांजरा नदी याच डोंगरांत पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि पुढे लातूर-बिदरकडे जाते, पण उगमाजवळच्या लोकांची तहान काही तिने भागविली नाही. १३९६ पासून दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तेव्हा बहामनी सुलतान दुसऱ्या मुहम्मदशहाने गुजरात आणि माळव्यातून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल लावले होते, असे फरिश्ता सांगतो. अनाथ मुलांसाठी त्याने गुलबर्गा, बिदर, कंधार, दौलताबाद येथे मदरसे काढले. दाताच्या कबरीपेक्षा हे बैल आणि हे मदरसे मला आमच्या पुस्तकात हवेत.

केजहून धारूरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. विजापूरच्या किश्वरखान लारीने १५६७ मध्ये हा किल्ला बांधला आणि त्याच लढाईत तो निजामशाही फौजेकडून मारला गेला. दोनच वर्षांपूर्वी, १५६५ मध्ये, हीच दोन राज्ये तालिकोटला खांद्याला खांदा लावून लढली होती. धर्मासाठी लढले म्हणावे, तर धारूरला दोन्हीकडे कलमा पढणारेच होते. पुढे किल्ल्याला फतेहाबाद असेही नाव पडले. आता बुरूज ढासळत आहेत, हौदात पाणी कमी आणि गवत जास्त.

परतताना अंधार पडला. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक आणि ट्रॅक्टर ओळीने उभे होते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे. भांडी, पत्रे, गोधड्या, वर शेळी, आणि मुले. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी राज्यात प्रवासी वाहतूक सुरू केली, पण बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात या जिल्ह्यातून जे कोणी पोटासाठी बाहेर पडले, ते याच रस्त्यांनी पडले.

एका ट्रॉलीवरून कोणीतरी "सर, सलाम!" म्हणाले. प्रश्न विचारणारा तोच मुलगा होता. आईवडिलांबरोबर निघाला होता, शाळेत नाव चालूच होते. मी त्याला खजाना विहिरीचे सांगू लागलो. दाताची गोष्टही सांगितली. तो खूप हसला. "दात का मक़बरा? सच्ची, सर?" म्हणाला, "वापस आने के बाद दिखाओगे?"

मी हो म्हणालो. ट्रॅक्टर सुरू झाला आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागला.