डब्यातला भोकाचा पैसा आणि मोबाइलवरचा लिलाव

मागच्या वेळी जुन्या भांड्यांबद्दल बोलले, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं होतं, "ताई, डब्यात पडलेल्या जुन्या नाण्यांचं काय करायचं? मोबाइलवर म्हणतात, लाखो रुपये मिळतात." आज त्याचीच गोष्ट सांगते. थोडी आमच्या घरची आहे, आणि बरीचशी फार लांबची.

आमच्या सासूबाईंकडे एक पितळी डबा आहे. त्यात तीन राणीछाप रुपये, कमळाचे पिवळे वीस पैसे, आणि दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे. हा भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्ध चालू होतं, धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने नाण्याच्या मधला भागच काढून टाकला. सासूबाई लक्ष्मीपूजनाला हा डबा काढतात, चिंचेने नाणी घासतात आणि परत ठेवतात. हाच त्यांचा छंद, फक्त त्याला त्या छंद म्हणत नाहीत.

माझ्या जाऊबाईंनी एक व्हिडिओ पाहिला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर तीन लाख! त्यांच्याकडे होतं. फोटो पाठवला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा. आधी नोंदणीचे १,१५० मागितले, मग जीएसटीचे, मग "पैसे अडकलेत, ते सोडवायचे." तीन वेळा मिळून ९,४०० रुपये गेले. त्यातले निम्मे बचत गटाच्या हप्त्याचे होते. चार महिने त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मीटिंगला यायच्या बंद झाल्या, तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हापासून मला वाटायला लागलं, की हा ऑनलाइन लिलाव म्हणजे नेमका काय प्रकार आहे ते समजून घ्यावं.

लिलाव आपल्याला काही नवा नाही. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आता तो आपलाच झाला. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, जत्रेत देवाच्या नारळाचा होतो, आणि लिलाव भिशी तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी खेळलेली आहे. या सगळ्यात एक गोष्ट सारखी असते. बोली लावणारा समोर उभा असतो. त्याचा बाप कोण, त्याची उधारी कुठे थकली, सगळं गावाला ठाऊक असतं.

छंदाच्या वस्तू गोळा करणाऱ्याची अडचण वेगळी. त्याला हवं असलेलं पोस्टाचं तिकीट दुसऱ्या मुलखात कुणाच्या तरी पेटीत पडलेलं असतं. म्हणून अमेरिकेतले तिकीट-व्यापारी एकोणिसाव्या शतकातच टपालाने बोली मागवू लागले. तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल ते पत्रात लिहून पाठवायचं. १८९३ मध्ये एका व्यापाऱ्याने तर असा नियम केला, की सगळ्यात मोठी बोली जिंकेल, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या बोलीच्या हिशेबाने घेतले जातील. आज संगणकावरचे लिलाव जवळपास याच रीतीने चालतात. आपल्याकडेही टपालखात्याने १८७७ मध्ये व्हीपी सुरू केली. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे घेणार, मगच वस्तू हातात देणार. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. अनोळखी माणसांच्या व्यवहारात मध्ये एक विश्वासाचा माणूस उभा करायचा, ही युक्ती तेव्हापासूनची.

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पियर ओमिड्यार नावाच्या एका संगणकवाल्या तरुणाने स्वतःच्या वेबसाइटवर लिलावाचं पान उघडलं. पहिली वस्तू विकली गेली ती त्याचाच मोडका लेझर पॉइंटर, भिंतीवर लाल ठिपका पाडतो ना, तो. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. घेणाऱ्याला त्याने कळवलं, "अहो, तो मोडलेला आहे." तो म्हणाला, "मी मोडकेच गोळा करतो." आता काय बोलायचं! पण गंमत अशी, की असा एक माणूस जगात आहे हे त्या पानाशिवाय कुणाला कळलंच नसतं. याच पानाचं पुढे ईबे झालं.

सुरुवातीला पैसे कसे यायचे? पाकिटातून. चेक यायचे, मनीऑर्डरी यायच्या, कागदावर चिकटपट्टीने चिकटवलेली सुटी नाणीसुद्धा यायची. पाकिटं फोडायला एक माणूस नेमावा लागला. विकणारा चेक वटेपर्यंत वस्तू पाठवत नसे, आणि घेणारा तोवर जीव मुठीत धरून बसलेला. भांडणं व्हायला लागली. मग फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने अशी सोय केली, की व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल चांगलं-वाईट जाहीर लिहायचं. म्हणजे काय, गावात पारावर जे होतं, तेच त्याने पडद्यावर आणलं.

१९९७ मध्ये तिथे बीनी बेबीज नावाच्या कापडी खेळण्यांचं वेड पसरलं. ईबेच्या विक्रीतला सुमारे दहावा हिस्सा या इवल्याशा खेळण्यांचा होता. पाच डॉलरचं खेळणं कितीतरी पटीने महाग जाऊ लागलं. म्हातारपणाची तरतूद म्हणून लोक त्यात पैसे घालू लागले. १९९९ मध्ये घटस्फोट घेणाऱ्या एका नवरा-बायकोने लास व्हेगासच्या कोर्टात जमिनीवर बसून ही खेळणी वाटून घेतली, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. पुढे थोड्याच काळात भाव कोसळला. खेळणी तीच होती, घेणारे उरले नाहीत.

पैशाचा प्रश्न सुटला तो पेपालमुळे. ईमेलचा पत्ता टाकायचा आणि पैसे पाठवायचे. नव्या गिऱ्हाइकाला कंपनी दहा डॉलर फुकट द्यायची, मग लोक का नाही येणार? ईबेची स्वतःचीही एक पैसे देण्याची सोय होती, पण विकणाऱ्यांनी पेपालच धरलं. शेवटी २००२ मध्ये ईबेने दीड अब्ज डॉलर देऊन तीच कंपनी विकत घेतली. पण चोर लगेच मागे आले होते. २००० च्या सुमारास पेपालला फसवणुकीपायी दर महिन्याला लाखो डॉलरचा फटका बसत होता. फॉर्म भरताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतात ना, ती परीक्षा पेपालने चोरांची यंत्रं अडवायला फार लवकर वापरली. म्हणजे जाऊबाई काही पहिल्या नव्हेत, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं.

भारतात हे लोण मुंबईच्या बाझी डॉट कॉममधून आलं. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी घेतली. तिथे पैसापे नावाची सोय होती. गिऱ्हाइकाचे पैसे मध्ये थांबायचे आणि वस्तू पोचल्यावर विकणाऱ्याला मिळायचे. आपल्या व्हीपीचीच नात म्हणा. ईबेचं ते भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. तोवर २०१६ मध्ये यूपीआय आलं होतं. यूपीआयमध्ये पैसे क्षणात जातात आणि मध्ये कुणी थांबवून धरत नाही. सोय मोठी, पण पोस्टमन मधून गेला.

म्हणून एवढं डोक्यात पक्कं ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपले जातात. आणि नाणं विकणाऱ्याने आधी फी भरायची, असं जगातल्या कुठल्याच खऱ्या लिलावात वस्तू घेणारा सांगत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेला नाही.

आता भावाचं. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, चलनात आलेलं, ते पाच रुपयांचंच आहे. मोबाइलवर कुणी लाख रुपये मागितले म्हणून तेवढी किंमत होत नाही. किती मागितले ते नका बघू, कितीला खरंच विकलं गेलं ते बघा. राणीछाप रुपयाला मात्र चांदीचा भाव आहेच. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना पुरता एक तोळा, आणि शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. शिवराईला मागणी फार, म्हणून नकलाही फार. आणि चिंचेने घासू नका गं! घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतो. हे सासूबाईंना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

कायद्याचंही थोडं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि नांगरताना हंडा लागला, तर त्यातला ऐवज दहा रुपयांच्या वर असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो कायदा १८७८ चा, अजून लागू आहे. दहा रुपयेसुद्धा तेव्हाचेच!

जाऊबाईंनी उशिरा का होईना, १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईने विचारलं, त्याच दिवशी फोन का नाही केला? लगेच कळवलं असतं तर पैसे वाटेत रोखता आले असते. आमचे आले नाहीत. गटाने हप्ता सहा महिन्यांत फेडायला मुभा दिली, आणि आता जाऊबाई परत मीटिंगला येतात.

दिवाळीत तालुक्याला नाण्यांचं प्रदर्शन होतं. आम्ही तिघी डबा घेऊन गेलो. तिथल्या माणसाने दोरा सोडून एकेक भोकाचा पैसा भिंगातून पाहिला आणि नाण्यामागे थोडेसेच रुपये सांगितले. सासूबाईंनी पैसे पुन्हा दोऱ्यात ओवले, मोजले आणि डब्याचं झाकण लावलं. येताना जाऊबाईंनी त्याच माणसाकडून वीस रुपयांना एक ढब्बू पैसा विकत घेतला.