रीटा फारिया : मुकुट, व्हिएतनाम आणि ग्रँट मेडिकल कॉलेज

१७ नोव्हेंबर १९६६. लंडनच्या लायसियम सभागृहात ५१ स्पर्धकांमधून ‘मिस वर्ल्ड’ म्हणून एका भारतीय तरुणीचे नाव पुकारले गेले. रीटा फारिया, वय २३, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांची गोष्ट इथेच संपते. खरे तर ती इथून सुरू होते.

रीटा यांचा जन्म १९४३ चा, माटुंग्यातला. आईवडील मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची एक मोठी परंपरा आहे, त्यातलेच हे एक. गोवा मुक्त झाला तेव्हा रीटा १८ वर्षांच्या होत्या.

त्या काळी देशात दोन नियतकालिकांच्या दोन वेगळ्या स्पर्धा होत. ‘फेमिना’ची विजेती ‘मिस युनिव्हर्स’ला जाई, तर ‘ईव्हज् वीकली’ची ‘मिस वर्ल्ड’ला. रीटा ‘ईव्हज् वीकली’कडून आधी ‘मिस बॉम्बे’ आणि मग ‘मिस इंडिया’ ठरल्या.

आता त्या वर्षाकडे पाहू. १९६६ हे देशासाठी फार कठीण वर्ष होते. दुष्काळ, अमेरिकेहून येणारा गहू आणि ६ जूनचे रुपयाचे अवमूल्यन : ४.७६ रुपयांना मिळणारा डॉलर एका रात्रीत ७.५० रुपयांचा झाला. परकीय चलन इतके दुर्मीळ की लंडनला निघालेल्या या स्पर्धकाच्या पर्समध्ये अवघे तीन पौंड होते. साडी उसनी आणि पोहण्याचा पोशाखही उसनाच, तोही आदल्या वर्षीच्या ‘मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा यांचा. रीटा उंच असल्याने तो बसेना. मग ते तीन पौंड नव्या पोशाखावर आणि उंच टाचांच्या बुटांवर खर्च झाले. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. गंमत अशी की पोहण्याच्या पोशाखाची आणि संध्याकाळच्या पोशाखाची अशी दोन्ही उपपारितोषिके त्यांनाच मिळाली, दुसरे साडीत!

स्पर्धेच्या करारानुसार विजेती वर्षभर आयोजकांना बांधील असे. त्याच वर्षीच्या नाताळात रीटा अमेरिकन विनोदवीर बॉब होप यांच्या ताफ्यासह व्हिएतनामला गेल्या. युद्धावर असलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी तो मनोरंजनाचा दौरा होता.

इथे खरी अडचण उभी राहिली. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. म्हणजे भारत तिथे पंचाच्या भूमिकेत. त्यातच इंदिरा गांधी यांचे सरकार अमेरिकेकडून धान्य घेत होते आणि बाँबवर्षाव थांबवा असेही तिलाच सांगत होते. अशा वेळी भारताची ‘मिस वर्ल्ड’ एका पक्षाच्या सैनिकांपुढे मंचावर उभी राहिली. देशात टीका झाली. काही आठवड्यांपूर्वी जी देशाचा अभिमान होती, तीच आता देशाची अडचण ठरली.

या टीकेत न्याय कितपत होता? परराष्ट्र धोरणाचे ओझे २३ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या खांद्यावर टाकणे सोपे होते. तिचे वेळापत्रक मात्र लंडनचे आयोजक ठरवत होते. दुसरीकडे, ‘भारत’ असे लिहिलेला पट्टा खांद्यावर घेऊन मिरवल्यावर राजकारण आपल्याला शिवणार नाही, असेही म्हणता येत नाही.

वर्ष संपले. १९६७ चा मुकुट पेरूच्या माद्‍लेन हार्टोग-बेल यांच्याकडे गेला. रीटा यांच्यापुढे मॉडेलिंगचे आणि चित्रपटांचे प्रस्ताव होते. त्यांनी ते नाकारले आणि त्या पुन्हा वैद्यकाच्या पुस्तकांकडे वळल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झालेला हा अभ्यास त्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयापर्यंत घेऊन गेला. डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या ‘मिस वर्ल्ड’. १९७१ मध्ये त्यांनी डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला आणि १९७३ मध्ये दोघे आयर्लंडमध्ये, डब्लिनला स्थायिक झाले. रीटा यांनी तिथेच वैद्यकीय व्यवसाय केला.

‘मिस वर्ल्ड’चा मुकुट भारतात पुन्हा आला तो १९९४ मध्ये, ऐश्वर्या राय यांच्यासोबत. तोवर २८ वर्षे उलटली होती आणि डब्लिनमधल्या डॉक्टर रीटा यांच्या वास्तव्यालाही दोन दशके झाली होती.