तोफांनी राखलेले मैदान

कोलंबोच्या गॉल फेस ग्रीनवर एक जुना दगडी फलक आहे. सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, ब्रिटिश गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड याने समुद्राकाठचा हा फिरण्याचा रस्ता १८५६ मध्ये हाती घेतला, १८५९ मध्ये तो पुरा झाला, आणि पुढच्या गव्हर्नरांनी कोलंबोतल्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी तो सांभाळावा, अशी शिफारस वॉर्डने दगडात कोरवून ठेवली. पुढच्याच वर्षी तो मद्रासचा गव्हर्नर होऊन गेला आणि तिथे पटकीने वारला. या फलकामुळे मैदानाचा इतिहास बहुधा वॉर्डपासून सांगितला जातो: एका सहृदय राज्यकर्त्याने शहराला मोकळी हवा दिली, लोकांनी ती घेतली. माझ्या मते यातला पहिला अर्धा भाग चुकीचा आणि दुसरा अपुरा आहे. वॉर्डने रस्ता दिला. मोकळी जमीन त्याच्या आधी दीडेकशे वर्षे तिथे होती, आणि ती तोफांनी मोकळी ठेवली होती. ती लोकांची झाली ती मात्र कुणी दिल्यामुळे नव्हे, तर लोक तिथे पुन्हा पुन्हा जाऊन बसले म्हणून.

डचांनी कोलंबो पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये घेतले, तेही सुमारे सात महिन्यांच्या वेढ्यानंतर. वेढा घालून किल्ला घेणाऱ्याला वेढ्याची भीती सर्वांत जास्त असते. त्यांनी किल्ला आटोपशीर करून नव्याने बांधला आणि दक्षिणेकडच्या तटापुढची जमीन उघडी ठेवली, म्हणजे त्या बाजूने येणाऱ्या शत्रूला झाड, घर, भिंत कशाचाच आडोसा मिळू नये. पोर्तुगीजांवर नेम धरता यावा म्हणून हे मैदान राखले, असे अनेकदा लिहिलेले आढळते. पण पोर्तुगीज १६५८ मध्येच बेटावरून पुरते गेले होते. खरी धास्ती होती ती युरोपातल्या इतर आरमारांची आणि कँडीच्या राजाची. गंमत अशी की ब्रिटिश १७९६ मध्ये आले ते उत्तरेकडून, नेगोम्बोला उतरून, आणि डचांनी फारशी झुंज न देता शहर सोडले. इतकी वर्षे जपलेली दक्षिणेची मोकळी जागा त्या दिवशी कुणाच्याच उपयोगाला आली नाही.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. मुंबईच्या कोटाबाहेरचे एस्प्लनेड असेच घडले. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, तटाभोवती खंदक खणला गेला, आणि पुढच्या दशकांत तोफांच्या माऱ्यासाठी कोटासमोरची घरे व माड हटवत नेण्यात आले. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद झाली. साठ वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याने तट पाडले आणि त्या पट्टीतले जे उरले त्याचे ओव्हल, क्रॉस व आझाद मैदान झाले. ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर मराठी फौजेच्या धाकाचे थोडे उपकार आहेत, असे म्हटले तर ती नुसती थट्टा ठरणार नाही. कोलकात्याचे मैदानही फोर्ट विल्यमच्या तोफांपुढचेच. आपल्याकडच्या किनारी शहरांत मधोमध एवढी मोठी रिकामी जागा दिसली, की आधी जवळपास किल्ला शोधावा आणि मग उदार गव्हर्नर.

यावर एक रास्त आक्षेप येतो. कोलंबोचे तट १८६९ ते १८७१ या काळात पाडले गेले. त्यानंतर मोकळ्या जागेला लष्करी कारण उरले नाही, तरी ती टिकली. मग श्रेय वॉर्डच्या शिफारशीलाच द्यायला नको का? थोडे द्यावे. पण टिकली म्हणजे किती टिकली, हे पाहायला हवे. आज उरली आहे ती गॉल रोड आणि समुद्र यांच्यामधली सुमारे पाच हेक्टरांची पट्टी. मूळ मैदान याच्या कितीतरी पट मोठे होते. एकोणिसाव्या शतकात ते जपले ते साहेबांच्या शौकांनी. इथे घोड्यांच्या शर्यती भरत, १८७९ मध्ये गोल्फ क्लब निघाला, आणि शर्यती पाहायच्या इमारतीत कोलंबो क्लब थाटला गेला. दक्षिण टोकाला १८६४ मध्ये गॉल फेस हॉटेल उभे राहिले होतेच. शर्यती १८९३ मध्ये सिनॅमन गार्डन्सकडे गेल्या, गोल्फही गेला, आणि त्यांच्याबरोबर मैदान राखण्यातला वरिष्ठ वर्गाचा रसही बराचसा गेला. वॉर्डचा फलक जागेवरच होता. मैदान आक्रसायचे थांबले नाही.

मग उरलेली पट्टी कशाने वाचली? माझे उत्तर असे: सत्तेच्या शेजाराने, आणि त्या शेजाराचा लोकांनी करून घेतलेल्या उपयोगाने. १९३० मध्ये मैदानाच्या उत्तर टोकाला विधिमंडळाची खांबांची भव्य इमारत झाली. वसाहतीच्या सरकारला समोर प्रशस्त अंगण हवे होते, आणि तेच अंगण सरकारला जाब विचारायला सोयीचे ठरले. ५ जून १९५६ रोजी फक्त सिंहली हीच राजभाषा करण्याचे विधेयक आत मांडले जात असताना बाहेर मैदानावर चेल्वनायकम यांच्या नेतृत्वाखाली तमिळ नेते व कार्यकर्ते सत्याग्रहाला बसले होते. जमावाने त्यांना तिथे मारहाण केली. फलकावरच्या शिफारशीत असल्या दिवसाची कल्पनाच नव्हती. संसद १९८२ मध्ये कोट्टेला हलली, पण जुनी इमारत राष्ट्राध्यक्षांचे सचिवालय झाली आणि शेजार कायम राहिला.

२०२२ मध्ये हा शेजार पुरता उलगडला. परकीय चलन संपले होते, पेट्रोल आणि गॅससाठी रांगा होत्या, तासन्‌तास वीज जात होती. ९ एप्रिलला लोक गॉल फेसवर आले आणि उठलेच नाहीत. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी घरी जावे या मागणीवरून तंबूंच्या त्या वस्तीला ‘गोटा गो गामा’ म्हणजे ‘गोटा जा गाव’ असे नाव पडले; तिथे वाचनालय होते, स्वयंपाकघर होते. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी वस्तीवर हल्ला केला, त्याच दिवशी पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. जुलैत गोटाबाया देश सोडून गेले. यात एक उपरोध आहे: याच गोटाबायांनी २०२० मध्ये सचिवालयाजवळच्या एका तुकड्यावर आंदोलनाची जागा म्हणून पाटी लावली होती, म्हणजे निदर्शकांनी बाकी शहराला त्रास देऊ नये. मुंबईत आझाद मैदानाचा ठराविक भाग आंदोलनांना नेमून दिला आहे, त्यामागचा हिशेबही हाच. राज्यकर्ते जागा आखून देतात ती गर्दी आवरण्यासाठी. गर्दी आखणी पाळते की नाही, हे गर्दीच्या आकारावर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो सामान्य माणसाच्या बाजूने येतो. गॉल फेस म्हणजे संध्याकाळचा पतंग, गाड्यांवरचे झिंग्यांचे ‘इस्सो वडे’, लाटांत पाय बुडवणारी शाळकरी मुले. ज्याच्या घरी गच्ची नाही, त्याला हा वारा फुकट मिळतो. तंबू, मोर्चे, लाठ्या यांनी तो हिरावला जात नाही का? २०२२ नंतर सरकारने याच मुद्द्यावर मैदान जाहीर कार्यक्रमांना न देता विरंगुळ्यासाठी राखायचे ठरवले. या मुद्द्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. गवताची माती होते, वडेवाल्याचा धंदा बुडतो. पण विरंगुळा आणि राजकारण हे एकमेकांचे वैरी आहेत, असे इथला इतिहास सांगत नाही. रोज संध्याकाळी हजारो माणसे परवानगी न विचारता जिथे बसतात, तिथेच एखाद्या एप्रिलमध्ये ती मुक्कामाला बसू शकतात. ही सवय वडे खाण्यातूनच लागते. शिवाय विरंगुळ्याचे कारण पुढे करणाऱ्यांनी याच मैदानाभोवती काय होऊ दिले, तेही पाहावे. समोरची लष्करी मुख्यालयाची जमीन विकली गेली आणि तिथे शांग्री-ला हॉटेल उभे राहिले.

चेन्नईच्या मरीनाचे उदाहरण माझ्या मांडणीला अडचणीचे आहे. तिथे तोफांसाठी राखलेली जमीन नव्हती. बंदराच्या बांधकामानंतर वाळू साचत गेली आणि १८८० च्या दशकात गव्हर्नर ग्रँट डफने किनारी रस्ता केला. तरी जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरच्या बंदीविरुद्ध लोक तिथेच जमले. तेव्हा तोफ ही अट नाही, हे मान्य. पण मरीनाची जागाही कुणी दान दिली नव्हती, ती समुद्राने आणून टाकली होती. दोन्हीकडे गव्हर्नर आला तो रिकामपण तयार झाल्यावर.

आता गॉल फेसच्या उत्तरेला समुद्रात भर घालून २६९ हेक्टरांचे पोर्ट सिटी तयार झाले आहे. काम २०१४ मध्ये चिनी भांडवलावर सुरू झाले. तिथेही किनारी फिरण्याचा रस्ता आहे, आराखड्यात बागा आहेत. ती जमीन मात्र पहिल्या दिवसापासून मोजलेली आणि कराराने वाटलेली आहे, आणि २०२१ च्या खास कायद्याने नेमलेला आयोग तिचा कारभार पाहतो. गॉल फेसच्या मूळ विस्ताराशी तुलना करायची तर हे रिकामपण जास्त नीटनेटके आहे, आणि त्यात लोकांनी स्वतःहून घेण्याजोगे फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही.