विचार आधी की पाऊल आधी?

यंत्रमानव म्हटले की आपली नजर त्याच्या हातापायांकडे जाते. त्याच्या इतिहासातला खरा वाद मात्र निराळा आहे: पुढे काय करायचे, हे यंत्राने ठरवावे कसे?

१९६६ ते १९७२ या काळात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 'शेकी' हा चाकांवरचा यंत्रमानव घडला. चालताना तो थरथरे, म्हणून हे नाव. ठोकळा अमुक खोलीत न्यायला सांगितले की तो हलण्यापूर्वीच सगळ्या कृतींचा क्रम जुळवी. प्रत्येक कृतीसाठी आधी काय असावे लागते आणि तिने काय बदलते, हे त्याला सांगून ठेवलेले असे. दारातून जायचे तर आधी दारापाशी पोहोचले पाहिजे, इतके बारीक. फाइक्स आणि निल्सन यांनी १९७१ साली मांडलेली ही रीत चोख होती. पण शेकीच्या खोल्याही मुद्दाम त्याच्यासाठी मांडलेल्या, मोजक्या ठोकळ्यांच्या होत्या.

१९७९ साली हान्स मोरावेक यांची 'स्टॅनफर्ड कार्ट' ही गाडी खुर्च्या ठेवलेली खोली आपली आपण ओलांडून गेली. लागले सुमारे पाच तास! मीटरभर सरकायचे, मग दहा-पंधरा मिनिटे हिशेब. बाहेर उन्हात तर हिशेब संपेपर्यंत सावल्याच सरकत.

हे जवळून पाहिलेल्या रॉडनी ब्रूक्स यांनी १९८६ साली एमआयटीतून उलटी वाट दाखवली. यंत्राने जगाचे चित्र मनात जपत बसू नये, जगाकडेच पुन्हा पुन्हा पाहावे. तळाच्या थराला एकच काम: धडक टाळणे. त्यावरचा थर भटकण्याचा, त्याच्यावरचा दूरची जागा गाठण्याचा. सगळे एकाच वेळी जागे. वरचा थर खालच्याला दाबू शकतो; पण वरचा बंद पडला तरी खालचा आपले काम करतच राहतो.

मला ब्रूक्स यांचे म्हणणे अर्धेच पटते. असे यंत्र वाटेत अडून बसत नाही, हे खरे. पण चौथ्या खोलीतली वस्तू आणून दे, एवढा साधा निरोप त्याला पोहोचवायचा कसा? पुढे दोन्ही पक्षांना तडजोड करावी लागली. वर सावकाश योजना, खाली तत्काळ प्रतिक्रिया, मध्ये दुवा. योजना 'चल' म्हणते आणि तळाचा थर 'थांब' म्हणतो, तेव्हा कोणाचे चालावे, हे माणसाने आधीच ठरवून ठेवावे लागते. रस्त्यावरच्या चालकविरहित मोटारीत या प्रश्नावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

ब्रूक्स ज्या कंपनीचे सहसंस्थापक, तिने २००२ साली 'रूम्बा' हे फरशी झाडणारे यंत्र बाजारात आणले. पहिल्या रूम्बाजवळ घराचा नकाशा नव्हता. २०१५ च्या रूम्बात तो आला.